टाके निघाले म्हणजे खांदा बरा झाला का?



खांद्याचे ऑपरेशन झालेला माणूस आठ-दहा दिवसांत टाके काढून मोकळा होतो. शेजारीपाजारी बघायला येतात. दुर्बिणीने ऑपरेशन झाले असेल तर दोन-तीन बारीक भोके असतात, तीही वाळलेली. मग कुणीतरी म्हणतेच, "एवढंच होय? मग हात कशाला बांधून ठेवलाय अजून?" त्या माणसालाही वाटते, खरेच की, आता काय राहिले? आणि इथूनच बिघडायला सुरुवात होते.

आज खांद्याबद्दल सांगताना एका अमेरिकन खेळाडूचे उदाहरण घेते. त्याचे नाव अँड्र्यू लक. त्याच्याकडे पैसा होता, उत्तम डॉक्टर होते, रोज समोर उभे राहून व्यायाम करून घेणारी माणसे होती. तरीही ऑपरेशननंतर पुन्हा खऱ्या सामन्यात उतरायला त्याला वीस महिने लागले. मधल्या काळात हा परत खेळेल की नाही, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नव्हते. वॉर्डातला पेशंट घरी गेला की त्याचे पुढे काय झाले ते आम्हा नर्सना सहसा कळत नाही. लकचे तसे नाही. तो प्रसिद्ध असल्यामुळे त्याच्या दुखण्याचा प्रत्येक टप्पा वर्तमानपत्रात छापून आला आणि आपल्याला तो तारखेनिशी बघता येतो.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, वजनाला चारशे ग्रॅमच्या आसपास. तो काखेत धरून पळायचा किंवा हाताने लांब फेकायचा. एका बाजूला ११ खेळाडू. त्यातला चेंडू फेकणारा जो मुख्य गडी, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. समोरचे शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याने चेंडू फेकायच्या आत त्याला जमिनीवर आपटायला धावत असतात आणि ते खेळाच्या नियमात बसते. म्हणजे या माणसाची सगळी रोजीरोटी एका खांद्यावर, आणि त्याच खांद्यावर आपटणेही ठरलेले.

लकचा जन्म १९८९ चा. २०१२ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्स या संघाने त्या वर्षीच्या सगळ्या नव्या खेळाडूंमधून त्याला पहिल्या क्रमांकाने निवडले. तो उजव्या हाताने फेकणारा.

खांदा आतून कसा असतो

आपल्या खुब्याचा सांधा आणि खांद्याचा सांधा दोन्ही 'वाटी आणि गोळा' या जातीचे. खुब्यात वाटी खोल असते, गोळा तिच्यात चांगला रुतून बसतो. म्हणून खुबा सहसा निखळत नाही, पण पाय हातासारखा चारी दिशांना फिरवताही येत नाही. खांद्याचे उलटे. तिथली वाटी इतकी उथळ की जयंतीला पोरांची लिंबू-चमच्याची शर्यत असते ना, त्यातल्या चमच्यावरच्या लिंबासारखा गोळा तिच्यावर टेकलेला असतो. म्हणूनच आपण हात वर, मागे, गोल, कसाही नेऊ शकतो. पाठीचा हूकही लावतो आणि माळ्यावरचा डबाही काढतो. एवढी मोकळीक मिळते, पण त्या बदल्यात सांधा निसटायला सोपा होतो.

लिंबू पडू नये म्हणून शरीराने दोन सोयी केल्या आहेत. पहिली म्हणजे वाटीच्या काठाभोवती बसवलेली कूर्चेची कड. तिला लॅब्रम म्हणतात. कुकरच्या झाकणातली रबरी रिंग डोळ्यांपुढे आणा. ती रिंग वाटी थोडी खोल करते आणि गोळ्याला जागेवर धरते. दुसरी सोय म्हणजे सांध्याला चहूबाजूंनी वेढणारे चार स्नायू. मंडपाचा खांब जसा चारी बाजूंच्या दोरांनी उभा राहतो, तसे हे स्नायू गोळ्याला वाटीच्या मध्यावर ओढून धरतात. यांच्या समूहाला रोटेटर कफ म्हणतात. एक दोर ढिला पडला की खांब कलतो. मग हात वर करताना कट्‌कन आवाज येतो, कळ निघते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

कुकरची रिंग चिरली तर आपण बाजारातून दुसरी आणतो. लॅब्रम फाटली तर डॉक्टर तीच परत वाटीच्या काठाला शिवून बसवतात. काठाच्या हाडात बारीक अँकर रोवायचे आणि त्यांच्या दोऱ्यांनी कड आवळायची. हे काम तास-दोन तासांचे. पण दोरा फक्त कड जागेवर धरून ठेवतो. ती हाडाला चिकटवण्याचे काम शरीराला करावे लागते, आणि कूर्चेच्या या कडेला रक्तपुरवठा मुळातच कमी. त्वचेचे टाके आठ-दहा दिवसांत जुळतात, आतल्या शिवणीला कित्येक महिने लागतात. बाहेरून बघणाऱ्याला हे दिसत नाही, त्यामुळे पटतही नाही.

दुखणे अंगावर काढले

२७ सप्टेंबर २०१५ रोजी टेनेसी संघाविरुद्धच्या सामन्यात लकच्या उजव्या खांद्याला मार लागला. पुढचे दोन सामने तो बाहेर बसला आणि परत खेळायला लागला. त्याच नोव्हेंबरात आणखी एका सामन्यात त्याच्या मूत्रपिंडाला जखम झाली, पोटाचा स्नायू फाटला आणि उरलेला हंगाम गेला. खांदा तेव्हा आपोआपच मागे पडला. मोठे दुखणे आले की लहान दुखणे विसरले जाते, हे आपल्या घरातही होते.

२०१६ च्या जूनमध्ये संघाने त्याच्याशी सहा वर्षांचा, जवळपास १४ कोटी डॉलरचा नवा करार केला. त्या वर्षी तो १६ पैकी १५ सामने खेळला, दुखऱ्या खांद्यानेच. सरावाच्या काही दिवशी चेंडू फेकायचा नाही, हात राखून ठेवायचा आणि सामन्याच्या दिवशी खेळायचे, असे वर्षभर चालले.

इथे थोडे थांबते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होते. दुखरा सांधा वापरत राहिले की शरीर चोरवाटा शोधते. चेंडू लांब फेकण्याचा जोर खांद्यातून सुरू होतच नाही. तो पायाच्या टाचेतून निघतो, कमरेतून, पाठीतून वर चढतो आणि शेवटी खांद्यातून हातात येतो. खांदा दुखायला लागला की ही साखळी मोडते, कोपर भलत्या कोनात जाते, पाठ जास्त वाकते. काही महिन्यांत तीच सवय पडते. पुढे खांदा शिवून घेतला तरी सवय राहतेच. लकलाही ऑपरेशननंतर चेंडू फेकणे जवळजवळ नव्याने शिकावे लागले.

वस्तीत हीच गोष्ट बघायची असेल तर खांदा दुखणाऱ्या बाईला फळीवरचा डबा काढायला सांगा. ती हात वर नेण्याऐवजी अख्खा खांदा कानाकडे उचलते आणि कमरेतून एका बाजूला झुकते. डबा निघतो. घरच्यांना वाटते, बरी आहे की. सहा महिन्यांनी तीच बाई मान आणि कंबर दुखते म्हणून दवाखान्यात येते आणि खांद्याचे नावही काढत नाही.

ऑपरेशन, आणि मालकाने सांगितलेली तारीख

जानेवारी २०१७ मध्ये लकच्या खांद्याचे ऑपरेशन झाले. फाटलेली लॅब्रम शिवली, दवाखान्यात मुक्काम करावा लागला नाही. संघाचे मालक जिम इरसे यांनी स्वतः ही बातमी जाहीर केली आणि सोबत सांगून टाकले की हंगामापर्यंत गडी तयार होईल. हंगाम होता सप्टेंबरात. म्हणजे टाके ओले असतानाच आठ महिन्यांनंतरचा वायदा झाला.

आता हे आठ महिने कसे जायचे असतात ते पाहू. प्रत्येकाची फाटलेली जागा वेगळी, म्हणून डॉक्टरांचे वेळापत्रकही वेगळे असते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितले तेच धरा. साधारण क्रम मात्र असा असतो.

पहिले चार ते सहा आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात, म्हणजे स्लिंगमध्ये. झोपतानासुद्धा. या काळात काम एकच, शिवण तुटू न देणे. पण खांदा बांधला म्हणजे अख्खा हात बांधला असे नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसातून पाच-सहा वेळा बोटांची मूठ वळायची आणि उघडायची, मनगट फिरवायचे. कोपर कधी आणि किती हलवायचे ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या. असे केले नाही तर हाताला सूज येते आणि पट्टा निघेपर्यंत कोपरही आखडते. झोपताना पाठीमागे दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखे टेकायचे, कोपराखाली घडी केलेली चादर ठेवायची. जमिनीवर आडवे झोपून उठताना हातावर जोर येतो, म्हणून महिनाभर शेजाऱ्यांची खाट मागून आणावी लागली तरी आणा.

कपड्यांचे सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. पुढून उघडणारा शर्ट, ब्लाउज किंवा गाऊन वापरायचा. घालताना आधी ऑपरेशनचा हात बाहीत, मग चांगला हात. काढताना आधी चांगला हात, शेवटी ऑपरेशनचा. डोक्यातून घालायचे कपडे बंद. काखेत घाम साचून कातडी सोलते. म्हणून कमरेतून पुढे वाकायचे, हात आपोआप खाली लोंबू द्यायचा आणि दुसऱ्या कुणीतरी काख ओल्या कपड्याने पुसून कोरडी करायची. हात उचलून धरायचा नाही.

बोटे बधिर झाली, निळसर पडली, जखमेतून पू आला, ताप आला किंवा दंडाच्या वरच्या भागाची कातडी अचानक बधिर लागायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि खांदा निखळला तर तो ओढून बसवायला हाडवैद्याकडे जाऊ नका. खांद्याजवळून मोठी नस आणि रक्तवाहिनी जाते. एक्स-रे न काढता ओढला तर निखळलेल्या खांद्यासोबत मोडलेले हाड आणि दुखावलेली नसही पदरात पडते.

पट्टा निघाल्यावर दुसरा टप्पा. सुरुवातीला हात दुसऱ्याने हलवायचा, म्हणजे फिजिओथेरपिस्टने किंवा आपल्याच चांगल्या हाताने. मग हळूहळू स्वतःच्या जोराने. वजन नाही. भरलेली बादली नाही, हंडा नाही, पोराला कडेवर घेणे नाही. पुष्कळ घरांत इथेच अडते. सुनेचा पट्टा निघाला की भांड्यांचा ढीग तिच्यासमोर येतो. तिसरा टप्पा ताकदीचा, तो साधारण तीन महिन्यांनंतर सुरू होतो, रबराच्या पट्ट्या आणि हलकी वजने घेऊन. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंना त्याच्याही पुढे, बहुधा चार-पाच महिन्यांनंतर, हळू आणि जवळ फेकायला देतात. पूर्ण जोराने खेळायला नऊ महिने ते वर्ष लागते, कधी त्याहून जास्त.

उलटी चूकही तितकीच होते, ती सांगायला हवी. काही माणसे भीतीपोटी पट्टा काढतच नाहीत. "दुखतंय, राहू दे." सांध्याभोवतीचे आवरण आवळत जाते आणि खांदा आखडतो. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते, कधीकधी काही मार न लागताही. त्यांनी व्यायामाच्या तारखा चुकवणे जास्त महागात पडते.

ऑक्टोबर २०१७

सप्टेंबर उजाडला. लक तयार नव्हता. हंगाम त्याच्याशिवाय सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ऑपरेशनला नऊ महिने होत आले तेव्हा, त्याने संघाबरोबर थोडा थोडा सराव सुरू केला आणि खांदा पुन्हा दुखायला लागला. सराव थांबवला, खांद्यात कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला संघाने जाहीर केले की या हंगामात तो खेळणार नाही. नंतर तो उपचारांसाठी नेदरलँड्सला गेला आणि कित्येक आठवडे तिथे राहिला. इकडे त्याचा संघ १६ पैकी १२ सामने हरला आणि डिसेंबरअखेर प्रशिक्षकाची नोकरी गेली. दुसरे ऑपरेशन लागेल का, कारकीर्द संपली का, संघ खरे सांगतो आहे का, अशा चर्चांना ऊत आला.

व्यायाम वाढवल्यावर पुन्हा दुखले म्हणजे ऑपरेशन फसलेच, असा निष्कर्ष लगेच काढायचा नसतो. कधी शिवण खरेच तुटलेली असते. पुष्कळदा शिवण शाबूत असते, पण भोवतीचे स्नायू तेवढ्या कामाला अजून तयार नसतात आणि सूज येते. हे दोन्ही बाहेरून सारखेच दुखतात. डॉक्टर तपासून, लागल्यास एमआरआय काढून ठरवतात आणि तरीही कधी कधी वाट पाहणे हाच इलाज असतो. लकला दुसरे ऑपरेशन करावे लागले नाही.

कॉर्टिसोनच्या इंजेक्शनबद्दल गैरसमज फार आहेत. "खांद्यात सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी हात वर गेला," असे सांगणारे गल्लीत एक-दोन तरी भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. हे औषध सूज उतरवते, म्हणून दुखणे कमी होते. फाटलेले ते सांधत नाही. दुखत नाही म्हणून माणूस जोराने काम करतो आणि फाट वाढते. वारंवार घेतले तर स्नायूंची टोके कमकुवत होतात. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा आणि त्या आठवड्यात साखर तपासून घ्या. योग्य जागी, योग्य वेळी, मोजून दिले तर ते उपयोगी औषध आहे. हप्त्या-हप्त्याला सुई मारणाऱ्यापासून मात्र लांब राहा.

आधी एकजण आठ महिन्यांत परतला होता

लकच्या बाबतीत लोक इतके अस्वस्थ होते त्याला आणखी एक कारण होते. त्याच्या अकरा वर्षे आधी ड्रू ब्रीस नावाच्या क्वार्टरबॅकचा खांदा याहून वाईट फाटला होता. ३१ डिसेंबर २००५ ला, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, सुटलेला चेंडू धरायला तो वाकला, अंगावर खेळाडू पडले आणि उजवा खांदा निखळला. लॅब्रम वाटीभोवती पूर्ण गोल फाटली, रोटेटर कफलाही इजा झाली. आठवड्याच्या आत डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात ऑपरेशन केले. एरवी अशा ऑपरेशनमध्ये तीन-चार अँकर लागतात, ब्रीसला ११ लागले.

जुन्या संघाशी त्याचे जमले नाही. मायामीच्या संघाने त्याला तपासले, पण त्यांच्या डॉक्टरांना खांद्याची खात्री वाटली नाही. न्यू ऑर्लीन्सच्या सेंट्स संघाने मात्र त्याला घेतले. २००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळाने ते शहर पाण्याखाली गेले होते आणि शहरालाही उभे राहायचे होते. सप्टेंबर २००६ मध्ये, ऑपरेशनला आठ महिने झाले असताना, तो पहिल्या सामन्यात उतरला आणि त्या हंगामातले सगळे १६ सामने त्याने सुरू केले. ७ फेब्रुवारी २०१० ला सेंट्सने सुपर बोल हा सर्वांत मोठा सामना जिंकला आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला ब्रीस. समोरचा हरलेला संघ कोणता, तर इंडियानापोलिस कोल्ट्स, पुढे लक ज्या संघात आला तोच.

एकाच खांद्याकडे बघून नामवंत डॉक्टरांच्या दोन गटांनी दोन उत्तरे दिली. दोघेही प्रामाणिक होते. मग वाईट फाटलेला आठ महिन्यांत आणि दुसरा वीस महिन्यांत, असे का? वेगवेगळ्या शरीरांचा असा हिशोब एका कारणात बसत नाही. पण एक फरक माझ्या नजरेतून सुटत नाही. ब्रीसचे फाटले आणि पाच-सहा दिवसांत शिवले गेले. लकचे २०१५ च्या सप्टेंबरात दुखावले आणि शिवले २०१७ च्या जानेवारीत. मधले सोळा महिने त्या खांद्याने अंगावर काढले.

लहान चेंडूपासून सुरुवात

२०१८ च्या सुरुवातीला लक कॅलिफोर्नियात चेंडू फेकण्याचे तंत्र शिकवणाऱ्या प्रशिक्षकांकडे गेला. जूनमध्ये संघाच्या सरावात त्याने सगळ्यांसमोर पुन्हा चेंडू फेकले. ते शाळकरी मुलांच्या मापाचे, लहान चेंडू होते. कोट्यवधींचा करार असलेला खेळाडू पोरांचा चेंडू फेकतोय म्हणून काहींनी चेष्टा केली. मला विचाराल तर त्या सगळ्या हकिकतीतला हाच भाग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. आमच्याकडे हमाल पहिल्या दिवशी पन्नास किलोची गोणी उचलून बघतो, "जमतंय का" म्हणून.

९ सप्टेंबर २०१८ ला तो खऱ्या सामन्यात परतला. २३ सप्टेंबरला फिलाडेल्फियाविरुद्ध शेवटच्या क्षणी खूप लांब चेंडू फेकायची वेळ आली, तेव्हा प्रशिक्षकाने त्याला बाहेर काढून ज्याचा हात जास्त लांब जातो अशा दुसऱ्या खेळाडूला पाठवले. झाले, पुन्हा चर्चा, हा बरा झालेलाच नाही. पुढच्याच आठवड्यात ह्यूस्टनविरुद्ध त्याने एका सामन्यात ६२ वेळा चेंडू फेकला. संघ तो सामनाही हरला आणि पहिल्या सहापैकी पाच सामने हरून बसला. पण हंगाम संपला तेव्हा दहा जिंकले होते, सहा हरले होते. लक सगळे १६ सामने खेळला आणि त्या वर्षी दुखण्यातून परतलेल्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान त्याला मिळाला.

पुढच्या वर्षी त्याला पोटरी आणि घोट्याचे दुखणे लागले. २४ ऑगस्ट २०१९ ला, वयाच्या २९ व्या वर्षी, त्याने खेळ सोडल्याचे जाहीर केले. बातमी फुटली तेव्हा तो मैदानावरच होता आणि स्वतःच्याच संघाच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. चार वर्षे दुखापत, वेदना, व्यायाम, पुन्हा दुखापत या चक्रात आपण अडकलो आणि खेळातला आनंद गेला, असे त्याने सांगितले. २०१६ मध्ये दुखणे अंगावर काढून खेळलो तसे पुन्हा करणार नाही, असे त्याने स्वतःशी ठरवले होते. खांदा तेव्हा चांगला होता. माणूस थकला होता. लांबलेल्या दुखण्यात मन खचते, झोप उडते, चिडचिड वाढते. याला घरात "कामचुकारपणा" म्हणू नका. हेही डॉक्टरांना सांगण्याचे लक्षण आहे.

वेळ कुठून आणायचा

२०१७ चे अख्खे वर्ष लक एकही सामना खेळला नाही, पण त्याचा पगार चालू होता. आपल्याकडे हेच नसते. डिस्चार्जच्या दिवशी मला हमखास विचारले जाई, "सिस्टर, कामावर कधी जाऊ?" खरा प्रश्न असा असे की पुढच्या महिन्याचे भाडे कसे भरू. तीन महिने वजन उचलू नका, हे सांगणे सोपे आहे. उचलले नाही तर चूल कशी पेटणार, याचे उत्तर डॉक्टरांच्या कागदावर नसते. म्हणून ज्यांना हक्काचे पैसे मिळू शकतात त्यांनी ते सोडू नयेत.

कंत्राटदाराकडे सफाईला, सुरक्षारक्षक म्हणून किंवा कारखान्यात असाल तर पगाराची पावती काढून बघा. त्यात ईएसआयची कपात असेल तर तुम्ही विमाधारक आहात. आजारपणात डॉक्टरांनी काम करू नका असे लिहून दिले, तर ईएसआयकडून वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. खांद्याला मार कामावर असताना लागला असेल तर नियम वेगळा आहे. तेव्हा काम करता येत नाही तोपर्यंत मजुरीच्या ९० टक्के मिळतात आणि त्याला किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे.

मात्र मार कामावर लागला हे सिद्ध व्हावे लागते. म्हणून त्याच दिवशी मुकादमाला सांगून अपघात नोंदवहीत नोंद करवून घ्या. हात उचलत नसेल तर सोबतच्या माणसाला लिहायला लावा आणि तिथे हजर असलेल्या दोघांची नावे टिपून ठेवा. दवाखान्यात केस पेपर काढताना "घरी पडलो" असे सांगू नका, मुकादम तसे सांगायला सांगत असला तरी. पुढे तोच कागद समोर येतो. कामावर न जाण्याचे प्रमाणपत्र प्रत्येक तपासणीला पुढच्या तारखेपर्यंत वाढवून घ्यावे लागते, मधे खंड पडला तर तेवढ्या दिवसांचे पैसे अडकतात. प्रत्येक प्रमाणपत्राची झेरॉक्स घरी ठेवा. फिजिओथेरपिस्टकडून व्यायामाचा कागद मागून घ्या, त्यावर कोणता व्यायाम कोणत्या आठवड्यापासून करायचा ते लिहून घ्या आणि तो भिंतीवर लावा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसेल.